नदीच्या या काठी एकोणसाठ, त्या काठी चव्वेचाळीस

पुणे-नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिकेची हद्द संपते आणि खेड तालुका लागतो. पुढे चिंबळी फाटा, कुरुळी, मग चाकण. नदीच्या दोन्ही काठांवर माणसं त्याच कंपन्यांच्या बसची वाट पाहत उभी असतात, पाळ्या त्याच, खोल्याही तशाच, दहा बाय दहाच्या. रेशनच्या हिशेबात मात्र ही नदी मोठी आहे. अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राने ‘प्राधान्य कुटुंबा’साठी जी उत्पन्नमर्यादा ठरवली, ती शहरी भागात वर्षाला ५९ हजार रुपये आणि ग्रामीण भागात ४४ हजार रुपये आहे. म्हणजे मोशीत महिन्याला सुमारे ४,९०० रुपयांपर्यंत कमावणारं कुटुंब गरीब ठरतं. तेच कुटुंब पूल ओलांडून कुरुळीत राहायला गेलं, तर ते साधारण ३,७०० रुपयांनाच सधन होतं.

चाकणच्या कुठल्याही कारखान्यात ठेकेदाराकडे लागलेल्या हेल्परचा महिन्याचा पगार दहा हजारांच्या पुढे असतो. कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच तेवढं आहे. सरळ अर्थ असा की, सरकारने ठरवलेलं किमान वेतन ज्याला प्रामाणिकपणे मिळतं, तो माणूस सरकारच्याच दुसऱ्या नियमाप्रमाणे स्वस्त धान्याला अपात्र आहे. एक खातं सांगतं, याहून कमी पैशात माणूस जगू शकत नाही. दुसरं सांगतं, याच्या निम्म्यापेक्षा जास्त मिळत असेल तर तुला मदतीची गरज नाही.

प्रश्न फक्त धान्याचा असता तर मी हा लेख कदाचित लिहिला नसता. माणशी पाच किलो धान्य ही लहान गोष्ट नाही. जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतं आणि २०२४ पासून ही सोय आणखी पाच वर्षांसाठी वाढवलेली आहे. पण गेल्या काही वर्षांत या कार्डाला धान्याखेरीज इतकं काही जोडलं गेलं आहे, की ते आता धान्याचं कार्ड उरलेलं नाही. २०२२च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला: शंभर रुपयांत एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो धान्य तर आहेच, शिवाय वीस रुपये किलोने साखर आहे आणि राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणानुसार २०२८ पर्यंत वर्षाला एक साडी आहे. ‘लेक लाडकी’ योजनेत १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला अठराव्या वर्षापर्यंत टप्प्याटप्प्याने एकूण एक लाख एक हजार रुपये मिळतात, पण कार्ड पिवळं किंवा केशरी हवं. २०२४च्या जुलैत ‘लाडकी बहीण’ आली, तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्या बायकांना उत्पन्नाच्या दाखल्यातून सूट मिळाली. बाकीच्यांना तहसीलच्या आणि सेतूच्या रांगेत उभं राहावं लागलं. धर्मादाय रुग्णालयातल्या राखीव खाटेसाठीही रुग्णाच्या नातेवाइकाला आधी कार्डच विचारलं जातं.

या सवलती वाईट आहेत असं मला अजिबात म्हणायचं नाही. शंभर रुपयांत चार जिन्नस घरी आले की करंजीचा घाट घालता येतो, आणि तो घालता येणं ही माणसाच्या मानाची गोष्ट आहे. माझं म्हणणं वेगळं आहे. एकाच कार्डावर इतकी दारं उघडत असतील, तर ते कार्ड कोणाला मिळतं आणि कोणाला मिळत नाही, याची जबाबदारी पूर्वीपेक्षा अनेक पटींनी वाढते. ही जबाबदारी कोणी घेतलेली दिसत नाही.

कार्डाला तीन रंग आले ते १ मे १९९९ पासून. वर्षाला १५ हजारांपर्यंत पिवळं, १५ हजार ते एक लाख केशरी, त्यावर पांढरं. त्या वर्षी एक लाख रुपयांत काय येत होतं आणि आज काय येतं, हे वाचकाला सांगायला नको. रुपयाची किंमत उतरत गेली, रंगांच्या रेषा तिथेच राहिल्या. त्यात २०१४च्या सुरुवातीला राज्यात अन्नसुरक्षा कायदा लागू झाल्यावर केशरी कार्डांचे दोन भाग पडले. ज्यांच्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे ते आत, ज्यांच्यावर नाही ते बाहेर. निगडीच्या परिमंडळ कार्यालयात असो की आकुर्डीच्या रेशन दुकानात, पहिला प्रश्न असतो, “कार्डावर शिक्का आहे का?” रंग केशरी, पण शिक्का नाही, अशा कार्डावर शहरात धान्यही मिळत नाही आणि सणाचा शिधाही मिळाला नाही.

शिक्का का मिळत नाही, याचं कारण नेहमी अर्जदाराचं उत्पन्न नसतं. कायद्याने महाराष्ट्राला ठरवून दिलेली कमाल संख्या सुमारे सात कोटी आहे: ग्रामीण भागात ७६.३२ टक्के आणि शहरी भागात ४५.३४ टक्के लोक. हा आकडा २०११च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सव्वासतरा लाखांच्या आसपास होती. त्यानंतर मोशी, चिखली, वाकड, पुनावळे इथे काय उभं राहिलं ते आपण सगळे पाहतो आहोत. २०२१ला व्हायची जनगणना लांबली. माणसं वाढत गेली, इष्टांक म्हणजे ही ठरवून दिलेली संख्या तीच. मग नवं नाव चढायचं तर जुनं कमी व्हावं लागतं. पात्र माणूस दारात उभा आहे आणि आत जागा रिकामी होण्याची वाट पाहतो आहे, अशी ही व्यवस्था आहे. गरिबांची संख्या आधी ठरवायची आणि मग त्या संख्येत गरीब बसवायचे, हे कुठल्याच न्यायात बसत नाही.

आता एक कुटुंब डोळ्यांसमोर आणा. नवरा महाळुंगेच्या कंपनीत ठेकेदाराकडे, बायको दोन घरची धुणीभांडी करते, मिळून वर्षाला एक लाख सत्तर हजार. धान्यासाठी हे कुटुंब गरीब नाही. ४४ हजारांची रेघ त्यांनी केव्हाच ओलांडली. केशरी कार्डालाही ते बसत नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्के जागांवर आर्थिक दुर्बल म्हणून मुलाला घालायचं तर एक लाखाची अट, म्हणजे तिथेही नाही. पण नवरा मशीनवर जखमी होऊन धर्मादाय रुग्णालयात गेला, तर हेच कुटुंब निर्धन ठरतं, कारण तिथली मर्यादा एक लाख ऐंशी हजार आहे. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख, म्हणून बायकोला दीड हजार मिळू शकतात. मुलगा पुढे इंजिनिअरिंगला गेला तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत आठ लाखांपर्यंत शुल्कात सवलत आहे. माणसं तीच, घर तेच, चूल तीच. खिडकी बदलली की त्यांची गरिबी बदलते. आणि सगळ्यात कडक मोजमाप कुठे आहे? जिथे पोटाचा प्रश्न आहे तिथे.

या पट्ट्यात आणखी एक गुंता आहे, तो बाहेरून आलेल्या माणसाचा. लातूर, नांदेड, बीड, हिंगोली, यवतमाळ इथली पोरं चाकणला येतात. नाव गावाकडे वडिलांच्या कार्डावर. हे जिल्हे ज्यांत येतात, त्या मराठवाडा-विदर्भातल्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना पूर्वी स्वस्त धान्य मिळायचं. ते थांबलं आणि २०२३ पासून माणशी महिन्याला दीडशे रुपये खात्यात येऊ लागले, पुढे त्यात थोडी वाढ झाली. चाकणला पोरगा मेसचा डबा खातो, त्याच्या नावाचे पैसे गावी जमा होतात. लग्न झालं, बायको आली, मूल झालं की वेगळं कार्ड हवं. त्यासाठी आधी गावाकडे जाऊन नाव कमी केल्याचा दाखला आणायचा, मग इकडे भाड्याच्या खोलीचा पुरावा द्यायचा. घरमालक भाडेकरार करून द्यायला तयार नसतो. या सगळ्यात दर फेरीला खाडा पडतो, आणि ठेकेदाराकडच्या माणसाचा खाडा म्हणजे त्या दिवसाचा पगार गेला, कधी कधी महिन्याचा हजेरी भत्ताही गेला. उद्योगनगरीची सुट्टी गुरुवारी असते, सरकारी कचेरी त्या दिवशी उघडी असते, एवढाच काय तो दिलासा.

‘एक देश एक रेशन कार्ड’मुळे बिहारचं किंवा उत्तर प्रदेशचं कार्ड असलेला कामगारही आज भोसरीच्या दुकानात अंगठा लावून धान्य उचलू शकतो. ही फार मोठी गोष्ट आहे, तिचं श्रेय दिलंच पाहिजे. २०१९च्या ऑगस्टमध्ये ज्या चार राज्यांत याची सुरुवात झाली, त्यांत महाराष्ट्र होता. पण धान्य त्याच्यासोबत आलं, बाकीच्या सवलती आल्या नाहीत. राज्याच्या योजना राज्याच्या कार्डाला. इथेच मूल झालेल्या, इथेच दहा वर्षं राबलेल्या कुटुंबाच्या मुलीला ‘लेक लाडकी’ नाही. राज्य सरकारने आपल्या पैशाला हद्द घालावी हे मी समजू शकतो. पण ज्या कुटुंबाच्या हातची गाडी कंपनीबाहेर पडते आणि त्या गाडीवरचा कर या राज्याला मिळतो, त्या कुटुंबाला किती वर्षांनी आपलं म्हणायचं, याची काहीतरी मुदत ठरायला हवी.

मार्ग नाही असं नाही. आपल्याच राज्यात दोन चांगली उदाहरणं आहेत. पहिलं शिवभोजन. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या या थाळीत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात दहा रुपयांत मिळतो आणि कार्ड कोणी विचारत नाही. दुपारी त्या रांगेत उभं राहणं हाच भुकेचा पुरावा मानला जातो. दुसरं महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं. ही योजना मुळात पिवळ्या-केशरी कार्डांपुरती होती, दीड लाखाच्या उपचारांची. २०२३ साली सरकारने तिची मर्यादा पाच लाख केली आणि रंगाची अट काढून ती राज्यातल्या सगळ्यांना खुली करण्याचं ठरवलं. अंमलबजावणीत त्रुटी आहेत, रुग्णालयं नाखूश असतात, हे खरंच. तरी दिशा बरोबर आहे. आजारपणाला रंग नसतो हे सरकारने मान्य केलं; भुकेच्या बाबतीत ते मान्य व्हायचं बाकी आहे. तमिळनाडूने रेशन व्यवस्था कधी गरिबीरेषेला बांधलीच नाही आणि तिथली दुकानं देशातल्या चांगल्या दुकानांत गणली जातात, कारण मध्यमवर्गीय घरातलं माणूसही त्याच दुकानात जातं आणि खराब तांदूळ आला तर आवाज करतं.

दूरचं एक उदाहरणही सांगण्यासारखं आहे. अमेरिकेत सरकारी अन्नमदत ज्या कार्डावर मिळते, ते दाखवलं की शेकडो संग्रहालयांत फुकट किंवा तीन डॉलरपर्यंतच्या तिकिटात प्रवेश मिळतो. ‘म्युझियम्स फॉर ऑल’ हा उपक्रम तिथे २०१४ पासून चालू आहे. मला यातला विचार आवडतो. गरिबाला भाकरी द्यायची हे आपण मानलं, पण त्याच्या मुलाने रविवारी विज्ञानाचा खेळ पाहावा, प्राणी पाहावेत, नाटक पाहावं, हे आपल्या मदतीच्या कल्पनेत बसत नाही. चिंचवडला महापालिकेचं सायन्स पार्क आहे. त्याच शहरात लोखंड कापणाऱ्या, साचे घडवणाऱ्या कामगारांची मुलं तिथे शाळेच्या सहलीखेरीज किती वेळा जात असतील? महापालिकेने ठरवलं तर पिवळ्या आणि केशरी कार्डावरच्या कुटुंबाला महिन्यातून एक गुरुवार तिथे विनामूल्य जाता येईल. श्रीमंत म्हणवणाऱ्या या महापालिकेच्या अंदाजपत्रकात एवढा खर्च जाणवणारही नाही.

कंपन्यांनाही यातून बाजूला होता येणार नाही. १९४८च्या कारखाना कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात कॅन्टीन सक्तीचं केलं. पिंपरीच्या जुन्या कारखान्यांतल्या कायम कामगाराने त्या स्वस्त जेवणावर आणि कामगारांच्या ग्राहक भांडारावर संसार उभा केला. आजचा बहुसंख्य कामगार कायम नाही. कायम कामगाराला मिळणारी दिवाळीची भेट आणि ठेकेदाराच्या माणसाला मिळणारा मिठाईचा पुडा, यांतलं अंतर एकाच लाइनवर शेजारी उभ्या असलेल्या दोघांना दिसत असतं.

“बोगस कार्डं किती आहेत ते आधी बघा,” असं यावर कोणी म्हणेल. बघावीतच. २०२५ साली अपात्र शिधापत्रिका शोधण्याची मोहीम निघाली, प्रत्येक सदस्याची ई-केवायसी सक्तीची झाली. बंगला बांधून धान्य उचलणाऱ्याचं नाव कापलं गेलं तर मला आनंदच आहे. पण खासगी कंपनीत वर्षाला एक लाखाहून जास्त मिळतात म्हणून ठेकेदाराकडच्या कामगाराचं कार्ड रद्द करणं याला शुद्धीकरण म्हणता येत नाही. त्याच २०२५ साली निधी नाही म्हणून आनंदाचा शिधाही थांबला. जे सरकारच्या मर्जीवर सुरू होतं ते मर्जीवर बंदही होतं. म्हणून सणाच्या पिशवीपेक्षा मर्यादेचा आकडा बदलणं जास्त मोलाचं आहे. प्राधान्य कुटुंबाची मर्यादा त्या भागातल्या किमान वेतनाशी जोडावी, किमान वेतन वाढेल तशी ती आपोआप वाढावी, आणि मोशी आणि कुरुळीसाठी ती एकच असावी. औद्योगिक पट्ट्यातल्या गावांना ग्रामीण समजणं थांबवावं. केंद्राने इष्टांक वाढवला नाही तर राज्याने स्वतःच्या तिजोरीतून इष्टांकाबाहेर राहिलेल्या कुटुंबांना धान्य द्यावं.

तोपर्यंत एक काम आपल्या हातात आहे. आपल्या सोसायटीचा वॉचमन, घरी येणाऱ्या मावशी, डबा देणारी ताई, यांना या दिवाळीत फराळाबरोबर एवढं विचारा: कार्ड आहे का, त्यावर शिक्का आहे का, घरातल्या सगळ्यांची केवायसी झाली का, मुलीचं नाव चढलं का. ई-केवायसी कुठल्याही रेशन दुकानात होते, गावी जावं लागत नाही, हे अनेकांना माहीत नसतं. तक्रारीसाठी १९६७ हा क्रमांक आहे. फॉर्म भरून द्यायला अर्धा तास लागतो. तो द्या, आणि भाडेकरूला करार करून द्यायचा असेल तर तोही याच आठवड्यात करून द्या.