रजेचे वर्ष आणि व्रत
उच्च शिक्षणापूर्वी वर्षभर प्रवास आणि अंगमेहनत करणे ही शिस्तीतून सुटका, की तिचेच दुसरे रूप, हा प्रश्न आश्रमधर्माच्या कक्षेत येतो. कारण ब्रह्मचर्याश्रमात, म्हणजे अध्ययनाच्या पहिल्या अवस्थेत, गुरुगृहीची कामे व भिक्षाटन विद्येचेच अंग मानले गेले. विनोबा भावे यांनी (महाविद्यालय त्यांनी आधीच कायमचे सोडले होते) १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून वर्षाची रजा घेतली, वाईला नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे उपनिषदे व शांकरभाष्य अभ्यासले, वाचनालयाला पैसे मिळावेत म्हणून विद्यार्थ्यांसह जात्यावर दळणही दळले आणि गडकिल्ले पायी पाहिले. अपरिग्रह, म्हणजे गरजेपुरतेच जवळ बाळगणे, हे व्रत मात्र रजेवर गेले नाही. उलट आश्रमाबाहेर, कोणी पाहत नसताना, त्याची खरी कसोटी लागली.