गेटवर कागद तपासताना

दौंड

चि. भाचीस,


रांजणगावच्या कारखान्यात टाइम ऑफिसला लागलीस आणि गेटपासचं काम तुझ्याकडे आलं, हे ताईकडून कळलं. काम जोखमीचं आहे, म्हणून लिहितो. कंत्राटदार कुठून कुठून पोरं आणतो आणि त्यांच्या आधारच्या झेरॉक्सची चळत तुझ्या टेबलावर ठेवतो. त्यावर छापलेलं वाचून पास देऊ नकोस.

मी तलाठी होतो तेव्हा सातबाऱ्याची खात्री म्हणजे माझी सही आणि गोल शिक्का. दोन्हींची नक्कल करणारे तेव्हाही होतेच. १ मे २०१८ ला डिजिटल सहीचा सातबारा आला आणि चित्र पालटलं. उताऱ्यावरचा १६ अंकी पडताळणी क्रमांक महाभूमीच्या संकेतस्थळावर टाकला की मूळ उतारा समोर येतो. मधे कुणाला विचारावं लागत नाही, आणणाऱ्याच्या शब्दावरही जावं लागत नाही. दाखला खरा की खोटा हे देणाऱ्याच्या डिजिटल सहीवरून ठरतं, आणि मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी ती सही जुळत नाही. कोविड लशीच्या प्रमाणपत्रावरचा क्यूआरही असाच सही केलेला होता.

आधारचंही तसंच. त्याचा क्यूआर साध्या स्कॅनरने वाचलास तर नुसती आकड्यांची माळ दिसेल. आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या अधिकृत अ‍ॅपने वाच. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि फोटो येतो. तो फोटो समोरच्या चेहऱ्याशी तू स्वतः ताडून बघ. हे काम वॉचमनवर सोडू नकोस. ज्याच्याकडे साधाच फोन आहे त्याला परत पाठवू नकोस. सही क्यूआरमध्येच असते, त्यामुळे कागदावरचा क्यूआरही तेवढाच खरा.

डिजिलॉकर दाखवला तर एक गोष्ट नीट बघ. 'इश्यूड' मधला कागद देणाऱ्या संस्थेकडून थेट आलेला असतो. 'अपलोडेड' मधला त्या पोराने स्वतः चढवलेला असतो, त्याची किंमत झेरॉक्सएवढीच.

माणूस कोण हे कळलं, तरी त्याला कुठवर जाऊ द्यायचं हा प्रश्न उरतोच. बॉयलरपाशी जाणाऱ्याकडे बॉयलर अटेंडंटचा दाखला हवा, पॅनल उघडणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. आधार यातलं काहीच सांगत नाही. इथे चूक झाली तर जीव जातो, म्हणून कंत्राटदाराने कितीही घाई केली तरी दाखला बघितल्याशिवाय आत सोडू नकोस. पासची मुदत कंत्राट संपण्याच्या तारखेपर्यंतच ठेव, आणि काम सोडलेल्याचं पंचिंग कार्ड त्याच दिवशी बंद कर.

पडताळणी झाली की वहीत तेवढी नोंद कर, आधारची प्रत ठेवू नकोस. ठेवावीच लागली तर मास्क्ड आधार माग. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. दुसऱ्याच्या आधारवर सिमकार्डं काढल्याचे गुन्हे पोलिसांकडे नोंदलेले आहेत. उघड्या कपाटातल्या फायली हेच अशा गुन्ह्यांचं भांडवल.

आणि कुणाचंही मूळ प्रमाणपत्र कंत्राटदाराला अडकवून ठेवू देऊ नकोस. दुसरीकडे चांगलं काम मिळालं तरी त्या कागदावाचून पोराचा पाय निघत नाही. पुढची तुकडी यायच्या आत हे कंत्राटदाराला स्पष्ट सांग, आणि साहेबांकडून लेखी आदेश काढून घे.

तुझा,
मामा