हाकेला ओ

एकच पत्र दोन संगणकांवर उघडावे. घड्याळ लावून पाहिले तर दोघांनाही वेळ सारखाच लागतो. तरीसुद्धा एक चपळ वाटतो आणि दुसरा सुस्त. मग घड्याळ खरे की आपले मन खरे?

माझ्या मते दोन्ही खरी आहेत. मन मोजते ते निराळे, इतकेच. घरातल्या माणसाला हाक मारल्यावर ते किती वेळात समोर येऊन उभे राहते, इकडे आपले फारसे लक्ष नसते. "ओ, आले हं!" एवढे कानावर पडले की आपण निश्चिंत होतो. ओ आली नाही, तर लगेच दुसरी हाक जाते, आणि तिचा स्वर चढलेला असतो.

रॉबर्ट मिलर यांनी १९६८ साली यंत्राच्या उत्तराला लागणाऱ्या वेळाचा विचार मांडला. पुढे १९९३ साली याकोब नील्सन यांनी त्यातले तीन आकडे सुटसुटीत करून सांगितले. उत्तर ०.१ सेकंदात आले, तर काम आपल्याच हाताने झाल्यासारखे वाटते. १ सेकंदापर्यंत विचारांचा धागा तुटत नाही. १० सेकंद उलटले की लक्ष उडते.

आता सुस्तपणाचे मर्म ध्यानात येईल. पुष्कळशा पडद्यांवरचे चित्र सेकंदाला ६० वेळा नवे होते. चपळ प्रणाली बोटाचा स्पर्श आधी ऐकते, कळ दबल्याचे तेवढ्यात दाखवते आणि जड काम मागे चालू ठेवते. सुस्त प्रणालीत तोच स्पर्श इतर कामांच्या रांगेत शेवटी उभा राहतो. १९८३ सालच्या ॲपल टू-ई यंत्रावर दाबलेले अक्षर सुमारे ३० मिलिसेकंदांत पडद्यावर उमटे. आजची यंत्रे त्याहून कितीतरी पट वेगवान. पण त्यांतल्या अनेकांना याच कामाला अधिक वेळ लागतो. कचेरीतल्या कागदासारखे ते अक्षर टेबलाटेबलावरून फिरत येते!

येथवर प्रश्न यंत्राचा झाला. येथून पुढे तो नीतीचा होतो. आयफोनवर ॲप सज्ज होण्यापूर्वीच त्याच्या पडद्यासारखे दिसणारे एक स्थिर चित्र समोर येते. ॲप चटकन सुरू झाल्यासारखे वाटावे, हा त्यामागचा हेतू ॲपलच्या मार्गदर्शनात उघडपणे सांगितलेला आहे. मग ही ओ म्हणायची की थाप?

ओ एवढेच सांगते, की तुझी हाक पोचली. काम झाले, असे ती म्हणत नाही. चित्राने "थोडे थांबा, दार उघडतो आहे" असे सुचवले, तर ते सौजन्य. पण त्यावर बटणे रंगवलेली असावीत आणि दाबली तर हलू नयेत, ही फसवणूक. पुढे पुढे सरकून अखेरच्या टोकाशी खिळून बसणारी पट्टीही त्याच जातीची.

उलट, प्रत्येक उशीर म्हणजे अपराध नव्हे. विंडोजमधली पोटयादी उघडण्यापूर्वी ४०० मिलिसेकंद थांबण्याची योजना मुद्दाम केलेली आहे. माऊस नुसता वरून जाताना भलतीच यादी उघडू नये म्हणून. हा उशीर समोरच्याची सोय पाहतो. म्हणून उशीर किती झाला, यापेक्षा तो कुणासाठी झाला, हे आधी विचारावे.

आम्हा शिक्षकांना हे वर्गात रोज दिसते. पन्नास मुलांत एक हात वर होतो. फळ्यावरचे उदाहरण अर्धवट टाकता येत नाही. शिक्षक नुसते डोळ्यांनी सांगतो, "पाहिला हं तुझा हात." मूल शांत बसते. या शांतपणाला आपण शिक्षकाचे कौशल्य समजतो. वास्तविक ती मुलाने दिलेली उसनवारी असते. तास संपण्यापूर्वी ती फेडावी लागते. नुसती ओ देऊन ज्याने घंटा होऊ दिली, त्याच्या वर्गात तो हात पुन्हा वर येत नाही.