घोडे किती जुंपायचे?

खंडेनवमीला महाराष्ट्रात हत्यारांची पूजा होते. पूर्वी पाटावर तलवार, विळा, कोयता मांडत. आता बहुतेक घरांत त्यांच्या जोडीला, नाहीतर त्यांच्या जागी, पार्किंगमधली मोटारसायकल असते. तिला धुऊनपुसून झेंडूचा हार घालतात, हँडलला हळदकुंकू लावतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. या पूजेने गाडीला हत्यारांच्या पंगतीत बसवलं, आणि त्यात परंपरेची नजर अचूक आहे असं मला वाटतं. आपल्या हाताने चालणारी ही वस्तू पोट भरते आणि जीवही घेऊ शकते, याची ती वर्षातून एकदा होणारी उजळणी आहे. मात्र पूजा होते ती गाडी दारात आल्यावर. कोणती गाडी दारात आणायची, हे आपण शोरूमवर, मित्रांवर आणि हप्त्याच्या गणितावर सोडून दिलेलं असतं. नुकतंच लायसन्स मिळालेल्या, रोज घर ते कॉलेज किंवा घर ते कामाची जागा एवढीच धाव असलेल्या माणसाने कोणती मोटारसायकल घ्यावी, हा प्रश्न आवडीचा मानला जातो, फार तर खर्चाचा. तो मुळात धर्माचा प्रश्न आहे, असं माझं म्हणणं आहे. आपल्या हातून दुसऱ्याचं आणि आपलं काय होतं याची जबाबदारी, या अर्थाने धर्म.

कठोपनिषदात यम नचिकेताला रथाचं रूपक सांगतो. शरीर हा रथ, आत्मा रथात बसलेला, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे. या रूपकात घोडे निवडण्याचा प्रश्नच येत नाही. इंद्रियं जन्मासोबत मिळतात. जुंपलेले आहेत त्यांनाच आवरायचं. मोटारसायकल घेणाऱ्याचं तसं नाही. घोडे किती जुंपायचे हे त्याच्या हातात असतं, आणि इंजिनाची ताकद आपण आजही अश्वशक्तीतच मोजतो. स्प्लेंडरच्या ९७ सीसी इंजिनात सुमारे ८ घोडे, क्लासिक ३५० मध्ये २०, चाकणला तयार होणाऱ्या केटीएम ३९० ड्यूकमध्ये ४० च्याही वर. कायद्याच्या लेखी हे सगळे रथ सारखेच. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे १८ वर्षं पूर्ण झालेल्याला शिकाऊ लायसन्सनंतर ३० दिवसांनी पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. आरटीओच्या मैदानात आठचा आकडा नीट काढला, की गिअरच्या मोटारसायकलीचं जे लायसन्स मिळतं त्यात शंभर सीसीपासून हजार सीसीपर्यंत सगळं बसतं. युरोपीय संघात २०१३ पासून याला पायऱ्या आहेत: पहिलीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॉटची मर्यादा, मधल्या पायरीवर ३५ किलोवॉट, आणि तिथे दोन वर्षं काढल्यावर मोकळीक. जे काम तिकडे कायदा करतो ते आपल्याकडे गाडी घेणाऱ्याच्या विवेकावर येऊन पडतं.

या विवेकाला आपल्या परंपरेत एक शब्द आहे, आणि तो आपण वापरून वापरून बदलून टाकला आहे. तो शब्द म्हणजे अधिकार. आज अधिकार म्हणजे हक्क: पैसे मोजले, लायसन्स आहे, आता अडवणारे तुम्ही कोण? शास्त्रात मात्र अधिकार म्हणजे पात्रता. वेदान्ताच्या ग्रंथाला हात घालण्यापूर्वी चार गोष्टी विचारतात: अधिकारी कोण, विषय कोणता, त्यांचा संबंध काय आणि प्रयोजन काय. यात कुणाला कमी लेखणं नसतं. आज ज्याचा अधिकार नाही त्याचा तो उद्या होऊ शकतो. फक्त तो विकत मिळत नाही. मोटारसायकलीला हे चार प्रश्न जसेच्या तसे लागू पडतात. प्रयोजन रोजचं जाणंयेणं. विषय एक विशिष्ट यंत्र. आणि अधिकारी कोण, तर आज जसा आहे तसा हा चालक. दोन वर्षांनी तो जसा होईल अशी त्याला आशा आहे, तो नव्हे. शोरूममध्ये उभं राहून आपण जवळजवळ नेहमी त्या दोन वर्षांनंतरच्या माणसासाठी गाडी घेतो.

आज तो कसा आहे, हे एखाद्या चढावरच्या सिग्नलला बघावं. हिरवा दिवा लागायला तीन सेकंद उरलेत. डाव्या हाताची बोटं क्लचवर, उजवा पाय मागच्या ब्रेकवर, डावा पाय जमिनीवर. आता क्लच अर्धा सोडायचा, त्याच वेळी ॲक्सिलरेटर थोडा द्यायचा, ब्रेकवरचा पाय उचलायचा; जरा चुकलं की गाडी बंद पडते किंवा मागे सरकते. मागून रिक्षा हॉर्न वाजवते. उजवीकडून एक स्कूटर घुसते आणि समोरून एक आजी अजून रस्ता ओलांडते आहे. जुना चालक हातापायांचं सगळं न बघता करतो, त्यामुळे त्याची नजर आजीवर असते. नवख्याचं सगळं लक्ष क्लचने खाल्लेलं असतं. जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिचा गाभा प्रमाद हा आहे: बेसावध अवस्थेत, असंयमाने दुसऱ्याच्या प्राणाला होणारी इजा ती हिंसा. इथे मारण्याचा हेतू शोधावा लागत नाही. अवधान सुटलं, एवढं दोषाला पुरतं. नवख्याचा प्रमाद बहुधा दारूचा किंवा मस्तीचा नसतोच. त्याच्याजवळ अवधान मोजकं असतं आणि गाडी त्याहून जास्त मागते. आणि ही मागणी वेगाबरोबर सरळ रेषेत वाढत नाही. ताशी ४० किलोमीटरला एका सेकंदात ११ मीटर अंतर जातं, ६० ला जवळजवळ १७. आदळण्यातली ऊर्जा मात्र वेगाच्या वर्गाने, म्हणजे सव्वादोन पट होते. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. या आकड्यापुढे गाडीची निवड ही निव्वळ आवडीची बाब आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

यावर पहिला आक्षेप नेहमीचा आहे, आणि तो उपनिषदाच्याच आधाराने घेता येतो. वेग मनगटात असतो, इंजिनात नव्हे. यमानेच सांगितलं आहे की ज्याचं मन आवरलेलं नाही त्याचे घोडे दुष्ट ठरतात आणि ज्याचं आवरलेलं आहे त्याचे गुणी. मग दोष ४० घोड्यांना का द्यायचा? शांत माणूस ड्यूकही ताशी ३० ने नेईल. आक्षेप वजनदार आहे, पण त्यात घोडा आणि इंजिन यांतला फरक विसरला जातो. खरा घोडा थकतो, बुजतो. स्वार बेभान होऊन कड्याकडे निघाला तरी घोडा काठावर अडतो, कारण जीव त्यालाही प्यारा असतो. रथात सारथ्याखेरीज आणखी एक शहाणपण जुंपलेलं असतं. इंजिनात ते नाही. मागितलं तेवढं ते देतं, चुकून मागितलं तरी देतं. खड्ड्यात चाक आपटलं की अंग मागे जातं, सावरायला हात मूठ आवळतो आणि त्या आवळण्यात ॲक्सिलरेटर पिळला जातो. यात मनाचा संयम कुठे आला? हे मनाला कळायच्या आत घडून गेलेलं असतं. स्प्लेंडरवर अशा वेळी इंजिन ओरडतं आणि गाडी थोडी पुढे उसळते. ताकदवान गाडीवर तेवढ्याच पिळण्याने पुढची मोटार गाठली जाते. चूक दोघांची एकच. कमी घोड्यांच्या गाडीवर ती धडा होऊन जाते.

गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुन मनाच्या चंचलपणाची तक्रार करतो तेव्हा श्रीकृष्ण ती खोडून काढत नाही. मन आवरायला कठीण आहे हे मान्य करून तो दोन साधनं सांगतो, अभ्यास आणि वैराग्य. नवख्या चालकाला दोन्ही लागतात, पण वेगवेगळ्या जागी. अभ्यास रस्त्यावरच होणार. वैराग्य मात्र रस्त्यावर करायचं म्हटलं तर ते दिवसातून शंभरदा करावं लागतं: प्रत्येक मोकळ्या पट्ट्यावर, शेजारून जाणाऱ्या प्रत्येक गाडीगणिक, उशीर झालेल्या प्रत्येक सकाळी. शोरूममध्ये ते एकदाच करावं लागतं. वारकऱ्यांची माळ हेच काम करते. माळ घातलेला माणूस रोज ताटावर बसून मटणाचा विचार करत नाही. तो निर्णय माळ घालताना झालेला असतो आणि मन त्या झगड्यातून मोकळं होतं. कमी ताकदीची गाडी घेणं हा असाच नेम आहे. तो भित्र्याचा मार्ग आहे असं कॉलेजच्या कट्ट्यावर म्हणतात. मला त्यात स्वतःविषयीचा खरेपणा दिसतो, आणि त्याला धैर्य लागतं, कारण कट्टा बघत असतो.

पैशाचा आक्षेप यापेक्षा कठीण आहे. मध्यमवर्गीय घरात गाडी एकदा येते, हप्त्यावर येते आणि दहा वर्षं राहते. शिकायला एक आणि आयुष्याला दुसरी ही चैन किती जणांना झेपते? हे खरं आहे, आणि म्हणून मी सर्वांत लहान तीच सर्वांत पवित्र असं म्हणत नाही. प्रयोजनाचा प्रश्न इथे दुसऱ्या बाजूनेही लागू होतो. ज्याला रोज पुणे-नाशिक महामार्गावरून ट्रकांच्या मधून चाकण गाठायचं आहे, त्याला शंभर सीसीची गाडी प्रवाहाच्या मागे टाकते, आणि तोही धोकाच. त्यातच आपल्या नियमांनी एक पेच करून ठेवला. २०१९ मध्ये जो नियम पूर्णपणे लागू झाला त्यात १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं झालं. खालच्या गाड्यांना पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लावणारी सीबीएस पुरेशी धरली. पहिल्या पावसात, तेलकट रस्त्यावर घाबरून ब्रेक दाबणाऱ्या नवख्यालाच एबीएसची सर्वांत जास्त गरज, आणि साधेपणाने निवड करणाऱ्यालाच ते मिळण्याची शक्यता कमी. हा अन्याय आहे, आणि तो खरेदीदाराच्या सद्गुणाने मिटणारा नाही. व्यवहारात याचा अर्थ असा, की बहुतेक नवख्यांसाठी योग्य गाडी १५० ते १६० सीसीच्या आसपास, एबीएस असलेली, चौदा-पंधरा घोड्यांची निघते. आणि हप्ता जड जात असेल तर तीच चांगल्या स्थितीतली जुनी. पाडव्याच्या मुहूर्तावर नवीकोरी गाडी दारात आली नाही म्हणून त्यात काही उणं नाही.

आनंदाचं काय, हेही विचारलंच पाहिजे. श्रेय म्हणजे हिताचं आणि प्रेय म्हणजे आवडीचं, यांत विवेकी माणूस श्रेय निवडतो असं यम सांगतो, आणि त्यावरून पुष्कळदा प्रेयाला सरसकट पाप ठरवलं जातं. मला तसं वाटत नाही. घाटातलं वळण नीट साधल्याचा आनंद खरा आहे आणि तो शरीराला उंचावतो. पण तो कौशल्याचा आनंद आहे, आणि कौशल्य तिथेच वाढतं जिथे गाडीची सगळी ताकद वापरता येते. नवख्याला आठ किंवा चौदा घोडे पुरते वापरता येतात. चाळीसमधले तीस तो दाबून ठेवत असतो, आणि दाबून ठेवण्यात आनंद कसला? ज्याला आपण त्याग म्हणत होतो तिथेच प्रेयही जास्त सापडतं.

या सगळ्या हिशेबात एक माणूस मात्र मोजायचा राहतो. रोजच्या गाडीवर चालक एकटा क्वचितच असतो. आई असते, बहीण असते, ऑफिसातला सहकारी असतो, शाळेचं पोर असतं. गाडी त्यांनी निवडलेली नसते, ब्रेक त्यांच्या हातात नसतो, आणि साडीमुळे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईला तर धरायला मागची कडी नाहीतर चालकाचा खांदा तेवढा असतो. शोरूममधली चाचणी मात्र एकट्याने, सपाट रस्त्यावर, दहा मिनिटांत उरकते. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो, स्प्लेंडरचं ११२. त्यावर साठ किलोचं माणूस बसलं आणि चढावर पाय टेकायची वेळ आली, की हा ८३ किलोंचा फरक आपल्या एका पायाला जाणवतो. तेव्हा बुकिंगचे पैसे भरण्यापूर्वी आईलाच मागे बसवून जवळच्या चढावर एकदा थांबावं आणि पुन्हा निघून बघावं. तिने खांदा घट्ट धरला, तर आणखी एक गाडी बघावी.