नामा म्हणे

अभंगाच्या शेवटच्या चरणात ‘नामा म्हणे’ येते तेव्हा त्या क्षणापुरता गाणाराच नामा होतो, आणि नाममुद्रेचे सारे गूढ मला या उसन्या ‘मी’पणात साठलेले दिसते. कवीने आपली खूण म्हणून उमटवलेली ही मुद्रा शतकांच्या ओघात सर्वांना खुली झाली, आणि पंढरीच्या एका शिंप्याच्या, संत नामदेवांच्या, नावाखाली, त्यांच्या गाथेत, कितीतरी अनोळखी कंठ मुक्कामाला आले.

त्यांतल्या एकाचा चेहरा थोडाफार ओळखू येतो : 16व्या शतकात महाभारत ओवीबद्ध करणारा विष्णुदास नामा. त्याची आणि आद्य नामदेवांची रचना बाडांतून व कीर्तनकारांच्या स्मरणातून अशी मिसळली, की अभ्यासक भाषेचे वय पाहून दोघांना निराळे करू लागतात, तर प्रत्येक पिढीने जुन्या शब्दाला आपल्या जिभेचे वळण दिलेले असते. नव्या वळणाचा अभंग जुन्याच नामदेवांचा असू शकतो. तिकडे पंजाबात, 1604 साली सिद्ध झालेल्या आदिग्रंथात, हेच नाव हिंदवी बोलीत बोलते. काळ म्हणजे केवळ विस्मरण नव्हे, तो सहलेखकही असतो.

नामदेवांप्रमाणे ज्ञानदेवही एक की दोन, हा वाद 19व्या शतकाच्या अखेरीस ‘सुधारक’ पत्रातून पेटवणारे शिवराम एकनाथ भारदे स्वतः ‘भारद्वाज’ या नावाआड उभे होते, याची मला नेहमी गंमत वाटते. दुसऱ्याची ओळख तपासताना आपली झाकावीशी वाटणे किती मानवी!

नाव कोणाचेही असो, भाव एक, असे म्हणून हा शोध मिटवणे भाविकाला शोभते. माझे मन मात्र त्यात रमत नाही. मला ओढ आहे ती मूळ नामदेव निर्भेळ करण्याची नव्हे, तर त्या अनामिकाची, ज्याने उत्तम चरण रचला आणि तो दुसऱ्याच्या स्वाधीन केला. त्याला समर्पण म्हणावे, की थोर नावाच्या आधाराने आपला शब्द दिंडीत चालावा अशी चतुर आकांक्षा? दोन्ही एकाच मनात सुखाने नांदली असतील, असे मला वाटते. आणि नांदली असतील, तर त्याचा हिशेब चुकला नाही, कारण त्याचा अभंग आजही गायला जातो.