खूण आणि तिचा अर्थ

चिन्ह नुसते लिहिले की त्याचा अर्थही अमलात येतो का? एचटीएमएलमध्ये कोनी कंसाला लागून अक्षर आले की ब्राउझर टॅग सुरू झाला असे धरतो. कंसच दाखवायचा असेल, तर त्याजागी अँपरसँड, हॅश, 60 आणि अर्धविराम असा संकेत लिहावा लागतो; यालाच एस्केप करणे म्हणतात.

पाणिनीपुढे हाच पेच होता. 'अग्नि'ला प्रत्यय लागून 'आग्नेय' होते. निखाऱ्यांना प्रत्यय लागत नाही. म्हणून अष्टाध्यायीच्या पहिल्याच अध्यायात नियम आहे: व्याकरणात शब्द स्वतःच्या रूपाचा बोध करून देतो, शास्त्रीय संज्ञा तेवढ्या वगळून. रामटेकच्या संस्कृत विश्वविद्यालयात हे व्याकरण म्हणून शिकतात. नागपूरच्या आयटी पार्कात तेच बहुधा बग म्हणून भेटते.

मीमांसक शब्दार्थसंबंध नित्य मानतात, नैयायिक सांकेतिक. ब्राउझर वरवर मीमांसक वाटतो, पण त्याचा प्रत्येक अर्थ माणसांनी ठरवलेलाच आहे.

खरी गफलत दुहेरी संस्काराची. इतवारीतल्या दुकानाचे नाव 'अमुक & सन्स'. साठवताना एकदा आणि दाखवताना पुन्हा एस्केप केले, तर पडद्यावर 'अमुक &#38; सन्स' उमटते. म्हणून मजकूर मूळ रूपात साठवावा, एस्केप दाखवतानाच करावे. जँगो या वेब फ्रेमवर्कच्या 1.0 आवृत्तीपासून (2008) टेम्प्लेट हे आपोआप करते. 'सेफ' ठरवलेला मजकूर तेवढा सुटतो. तो शिक्का मात्र माणूस मारतो, आणि परक्याने भरलेल्या मजकुरावर मारला तर त्यातली स्क्रिप्ट बेलाशक चालते.