मृतांकडे पाहण्याचा अधिकार

नेपल्स शहराविषयीं व त्याच्या आसपासच्या प्रदेशाविषयीं प्रवासवर्णनें पुष्कळ झालीं आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याचा आमचा हेतु नाहीं. तेथील उपसागराची निळाई, ग्रीकांनीं आंखून ठेवलेल्या सरळ पण अरुंद गल्ल्या, वर आडव्या दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे आणि खालीं चाललेली दुचाकींची झुंबड, हें सर्व आम्हीं पाहिलें. आणि ज्याचें लहानपण गिरगांवच्या चाळींत गेलें त्यास तें फारसें परकें वाटत नाहीं, इतकें सांगून तो विषय संपवितों. आम्हांस लिहावयाचें आहे तें त्या प्रवासांत आमच्या पदरीं पडलेल्या एका प्रश्नाविषयीं.

नेपल्सहून व्हेसुव्हियसच्या पायथ्यास वळसा घालीत एक जुनाट आगगाडी जाते, ती पाऊण तासाच्या आंत पॉम्पेईच्या दारीं सोडते. डोंगर खिडकींतून सतत दिसत राहतो. त्याच्या उतारावर घरांची दाटी इतकी कीं, ज्या डोंगरानें इ. स. ७९ मध्यें खालचीं शहरें गाडून टाकलीं व जो १९४४ सालीं पुन्हां एकदां भडकला, त्याच्याशीं ह्या लोकांचा कांहीं लेखी करार झाला आहे कीं काय, असें वाटावें! असो. पॉम्पेईच्या रस्त्यांतील दगडांवर उमटलेल्या चाकोऱ्या, भटारखान्यांतील दगडी जातीं, भिंतींवर रंगविलेलीं निवडणुकीचीं आवाहनें, हें पाहतांना मनास निर्भेळ आनंद होतो. शहराच्या दक्षिणेकडील कडेस मात्र एक द्राक्षांचा मळा आहे. तेथें १९६१ सालीं तेरा माणसांचे आकार हातीं लागले. त्यांत मुलेंहि आहेत. ते आज तेथेंच, कांचेच्या आड, एका रांगेंत पडून आहेत. कोणी कुशीवर वळलें आहे, तर एकजण कोपरावर रेलून उठण्याच्या बेतांत आहे.

आम्ही गेलों तेव्हां कांचेपुढें वीस-पंचवीस माणसें उभीं होतीं. एक तरुण जोडपें कांचेकडे पाठ करून, मागील आकृति चौकटींत याव्यात अशा बेतानें, आपलाच फोटो काढीत होतें. आमच्या हातांतहि कॅमेरा होता. आमच्या सौभाग्यवती मात्र दोन पावलें मागें सरल्या व म्हणाल्या, "तुम्ही पाहा हवें तितकें, मी त्या झाडाखालीं बसतें. मरतांना आपल्याला कोणी पाहावें असें त्यांच्या मनांत असेल का हो?" आम्हीं कॅमेरा पिशवींत ठेवला. तो विचारानें ठेवला असें म्हणवत नाहीं, लाजेनें ठेवला.

हे आकार म्हणजे पुतळे नव्हेत आणि निव्वळ प्रेतेंहि नव्हेत, हीच त्यांतील अडचण आहे. राख देहाभोंवतीं घट्ट बसली, देह कालांतरानें झडून गेला, आणि राखेंत त्याच्या आकाराची पोकळी राहिली. १८६३ सालीं उत्खननाचे प्रमुख जुझेप्पे फियोरेल्ली यांनीं अशा पोकळींत पातळ प्लास्टर ओतविलें, तें सुकल्यावर भोंवतालची राख फोडविली, आणि वस्त्राच्या चुण्यांसकट माणूस बाहेर आला. तेव्हांपासून अशा शंभराहून अधिक आकृति तयार झाल्या आहेत. पोकळींत उरलेलीं हाडें प्लास्टरच्या पोटांत तशींच राहतात. म्हणजे कलावंतानें घडविलेली मूर्ति समजून जिच्याकडे आपण टक लावून पाहतों, तिच्या आंत खराखुरा माणूस आहे. ज्यांच्या घरीं देह अग्नीस देतात आणि उरलेल्या अस्थीहि पाण्यांत सोडून मोकळे होतात, अशांस हें पाहून अवघडल्यासारखें झालें तर नवल नाहीं.

परत आल्यावर आम्हीं हें एका इतिहासज्ञ स्नेह्यांस सांगितलें तेव्हां ते हंसले. "अहो, दोन हजार वर्षें झालीं! कोणाचे आप्त उरले आहेत दुखावून घ्यायला?" ह्या युक्तिवादांत बळ आहे, पण तो जितका सोपा दिसतो तितका नाहीं. गेल्या वर्षीं वारलेल्या माणसाचें कलेवर कांचेंत मांडलें तर सारें गांव खवळून उठेल. मग प्रेताची पुराणवस्तु नेमकी कितव्या वर्षीं होते? मृतास कांहीं कळत नाहीं हें म्हणणेंहि तसेंच. त्यास कळत नाहीं हें खरें. परंतु पाहणाऱ्यास कळतें, आणि नीतीचा प्रश्न नेहमीं ज्याला कळतें त्याच्यापुढेंच उभा राहतो. हर्क्युलेनियम येथें प्राचीन किनाऱ्यावरील नावांच्या कमानींत सुमारें ३०० सांगाडे सांपडले. आज तेथें दिसतात त्या त्यांच्या प्रतिकृति आहेत. हें कळल्यावर आम्हांस क्षणभर हायसें वाटलें. मग मनांत आलें, डोळ्यांनीं जें केलें तें तर दोन्ही ठिकाणीं एकच!

शेवटीं आम्हीं आमच्यापुरता निकाल असा लावला होता कीं, पाहणाऱ्याच्या मनांत करुणा उपजत असेल तर पाहण्यास हरकत नाहीं. नुसतें कुतूहल असेल तर आहे. हा निकाल पुष्कळ वर्षें टिकला. पॉम्पेईंतच आम्हीं एक चित्रकार्ड विकत घेतलें होतें. त्यावर १९७४ सालीं एका घरांत सांपडलेली आकृति आहे: हातांत सोन्याचें कडें असलेली एक व्यक्ति आणि तिच्या मांडीवर एक मूल. हें कार्ड आम्हीं वर्गांत दरवर्षीं दाखवीत असूं. "आई आणि मूल" एवढेच शब्द बोलून थांबलें कीं वर्ग चिडीचूप होई. आमचाहि आवाज त्या ठिकाणीं किंचित् जड होई, आणि त्याचें आम्हांस अप्रूप वाटे, हेंहि कबूल करतों.

२०२४ च्या नोव्हेंबरांत त्या अस्थींतून काढलेल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कडें घातलेली व्यक्ति पुरुष होती. मुलाशीं तिचें रक्ताचें नातें नव्हतें. त्याच घरांत आणखी दोघे सांपडले होते. तेहि पुरुषजातीचे, आणि चौघांपैकीं कोणीहि कोणाचा रक्ताचा नव्हे. दुसऱ्या एका घरांतील, मिठींत सांपडलेलें म्हणून प्रसिद्ध असलेलें जोडपें मायलेकींचें किंवा बहिणींचें असावें असें म्हणत. त्यांतीलहि निदान एक पुरुष निघाला.

हें वाचून आम्ही बराच वेळ स्वस्थ बसून होतों. संशोधनाची चूक संशोधनानें दुरुस्त केली, त्यांत वाईट वाटण्याजोगें कांहीं नाहीं. पण ज्या करुणेच्या बळावर आम्हीं पाहण्याचा अधिकार घेतला होता, ती करुणा कोणावर होती? कडें दिसलें कीं बाई, मूल दिसलें कीं आई, हें आम्हींच ठरविलें, आणि आम्हींच ठरविलेल्या आईसाठीं गहिंवरलों. तो खरा मनुष्य तेथेंच मांडीवर मूल घेऊन पडलेला होता. त्याच्या वांट्यास आमचा एक सुस्काराहि आला नाहीं. त्या दिवसाची एक आई आपणांस निश्चित ठाऊक आहे, ती धाकट्या प्लिनीची. उपसागराच्या पलीकडे मिसेनम येथें तिनें मुलास आपल्याला टाकून पळण्यास विनविलें, आणि त्यानें तिचा हात सोडला नाहीं. हें आपणांस कळतें, कारण त्या मुलास लिहितां येत होतें व त्यानें तें पुढें टॅसिटसला पत्रानें कळविलें. ज्यांचीं पत्रें उरलीं नाहींत त्यांच्या तोंडीं आपले शब्द घालण्यास आपण मोकळेच असतों.

ही खोड केवळ मृतांपुरती नाहीं. नेपल्सच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत, एकेकाळीं कुलुपांत असलेल्या दालनांत, वीतभराहून किंचित् उंच अशी एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति आम्हीं पाहिली. ती भारतांतून गेलेली. १९३८ सालीं पॉम्पेईच्या एका घरांत ती सांपडली, आणि तत्काळ तिचें नांव 'लक्ष्मी' पडलें. आज विद्वान् तिला यक्षी मानण्याकडे वळले आहेत. तिच्याच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा भाग आपल्या जालना जिल्ह्यांतील भोकरदनच्या उत्खननांत निघाला, त्यामुळें ती मराठवाड्यांतून गेली असावी असेंहि कित्येकांचें मत आहे. परदेशांत माहेरचें माणूस भेटावें तसे आम्ही तिच्यापुढें उभे राहिलों, आणि न कळत हात जोडले गेले. तिलाहि आम्हीं तिचें नांव विचारलें नव्हतें.

मग नातें जोडूंच नये काय? ह्याचें उत्तर आम्हांस त्याच शहरांत अंधुकपणें दिसलें. नेपल्सच्या सानिता भागांत फोंतानेल्ले म्हणून एक जुनी खाण आहे. १६५६ च्या प्लेगांतील व पुढच्याहि सांथींतील हजारों बेवारशी अस्थि तींत रचलेल्या आहेत. आसपासच्या गरीब बायका त्यांतील एखादी कवटी दत्तक घेत. ती पुसून लख्ख करीत, तिला नांव ठेवीत, तिच्या आत्म्याला गारवा मिळावा म्हणून प्रार्थना करीत, आणि मोबदल्यांत तिनें स्वप्नांत येऊन सोडतीचा आंकडा सांगावा अशी अपेक्षाहि बाळगीत! १९६९ सालीं तेथील आर्चबिशपांनीं हा प्रकार बंद पाडला. अंधश्रद्धा म्हणून तो बंद झाला यांत आम्हांस गैर कांहीं दिसत नाहीं. परंतु दत्तकाला पोटचा म्हणून कोणी मिरवीत नाहीं. ह्या कवटीचें खरें नांव आपणांस ठाऊक नाहीं हें त्या बाईस पक्कें माहीत असे, आणि तें माहीत असूनहि ती दर आठवड्यास येई. आम्ही मात्र एकदांच गेलों, तिकीट काढून.

आतां पॉम्पेईंत दिवसाला २०,००० लोकांनाच आंत सोडतात असें वाचलें. सौभाग्यवतींस तें सांगितलें, तर म्हणाल्या, "तेही पुष्कळच आहेत."

यंदा तें कार्ड वर्गांत दाखवावें कीं नाहीं ह्या विचारांत आम्ही बरेच दिवस होतों. अखेर दाखविलें. एक पुरुष आहे, त्याच्या मांडीवर एक मूल आहे, दोघे एकमेकांचे कोण हें ठाऊक नाहीं, एवढेंच सांगितलें. आणि आजवर आम्ही दुसरें कांहीं सांगत आलों तेंहि सांगितलें. वर्ग पूर्वींसारखा चिडीचूप झाला नाहीं. मागच्या बांकावरील एक मुलगी उभी राहिली व म्हणाली, "सर, त्याचा नव्हता, तर मग त्यानें त्याला मांडीवर कां घेतलें होतें?"

आम्हीं कार्डाकडे पुन्हां पाहिलें, आणि ठाऊक नाहीं असें तिला सांगितलें.